चौरस मैलांचा मुलूख : आयोवाच्या शेतकरी काउंट्यांमधून

बुधवार : डे मॉइन आणि एम्स

आयोवा हे अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील राज्य पूर्वेस मिसिसिपी आणि पश्चिमेस मिसूरी या दोन महानद्यांच्या मध्ये पसरलेले आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी असले, तरी लोकसंख्या मात्र अवघी ३२ लाख, म्हणजे आपल्या साताऱ्यासारख्या एका जिल्ह्याइतकी, आणि तीही ९९ काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांत, विखुरलेली आहे. मका, डुकरे आणि अंडी यांच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिले आहे. माणसांच्या सातपट डुकरे येथे पाळली जातात. शाळेत भूगोल शिकवताना ‘मक्याचा पट्टा’ हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या पट्ट्यात माणसे कशी राहतात, एकमेकांना कोठे भेटतात आणि आपला कारभार कसा चालवतात, हे पाहावे, या हेतूने मी सप्टेंबरच्या मध्यावर, कापणीच्या तोंडाशी, एम्सला राहणाऱ्या पुतण्याबरोबर या प्रवासाला निघालो.

राजधानी डे मॉइनमध्ये आम्ही एकच ठिकाण पाहिले. नदीकाठच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देखण्या इमारतीत आता जागतिक अन्न पुरस्काराचे सभागृह आहे. हा पुरस्कार १९८६ साली हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केला, आणि बोरलॉग हे याच राज्याच्या हॉवर्ड काउंटीतील क्रेस्कोजवळच्या एका छोट्या शेतावर जन्मलेले. पहिला पुरस्कार १९८७ मध्ये एम. एस. स्वामीनाथन यांना मिळाला आणि १९९८ चा मिळाला जालन्याचे बियाणे-उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना. मी स्वतः जालना जिल्ह्यातला असल्याने ते नाव तेथे पाहताना मला फार अभिमान वाटला. या नावाचा आयोवाशी असलेला संबंध केवळ पुरस्कारापुरता नाही. संकरित मक्याचे बियाणे विकण्यासाठी हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये येथेच कंपनी काढली; मादी ओळींचे तुरे खुडून नर ओळींच्या परागांनी बीजोत्पादन करण्याचे जे तंत्र येथे रुजले, त्याच तत्त्वावर आमच्या जालना-देऊळगाव राजा भागातील शेकडो शेतकरी कुटुंबे आज संकरित बियाण्यांचे प्लॉट घेतात. येथे जुलै महिन्यात तुरे खुडायला शाळकरी मुले जातात आणि ती त्यांची आयुष्यातली पहिली कमाई असते, असे पुतण्याच्या शेजाऱ्यांनी सांगितले.

दुपारी एम्सला, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या गावी, पोहोचलो. प्रत्येक राज्यात शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे महाविद्यालय उभारण्यासाठी जमीन देणारा मॉरिल कायदा १८६२ मध्ये झाला आणि तो सर्वांत आधी स्वीकारला आयोवाने. मराठी वाचकांच्या मनात घर करून असलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर येथेच शिकले, पदवीधर झाले आणि १८९६ मध्ये टस्कीगीला जाण्यापूर्वी येथेच शिकवू लागले. या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. त्या काळात येथील एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते रानात हिंडवून झाडे ओळखायला शिकवीत. तो मुलगा म्हणजेच पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झालेला हेन्री वॉलेस.

विद्यापीठापेक्षा मला अधिक मोलाची वाटली ती त्याची विस्तारसेवा. १९०३ मध्ये सू काउंटीतील शेतकऱ्यांनी पेरी होल्डन या प्राध्यापकांना बोलावून मक्याच्या वाणांची चाचणी घेतली, आणि पुढे होल्डन रेल्वेच्या डब्यांतून बियाण्यांवर व्याख्याने देत राज्यभर फिरले. आज या सेवेचे काम प्रत्येक काउंटीत चालते आणि तिच्यावरील मंडळ स्थानिक मतदार निवडून देतात. संशोधन गावापर्यंत पोहोचावे, असे आपण नेहमी म्हणतो. येथे त्यासाठी गावकरी स्वतः कर भरतात आणि म्हणून जाबही विचारतात.

गुरुवार : राईट काउंटी

एम्सच्या उत्तरेला रस्ता सरळ झाला तो दिवसभर सरळच राहिला. १७८५ च्या भूमापन अध्यादेशानुसार हा सारा प्रदेश वसाहत होण्यापूर्वीच कागदावर आखला गेला : सहा मैल लांब-रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचा चतकोर १६० एकरांचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला द्यायची जमीन ठरली ती हीच, १६० एकर. अशा १६ टाउनशिप एकत्र केल्या की २४ मैल लांब-रुंद काउंटी होते, आणि आयोवाच्या पुष्कळशा काउंट्या याच मापाच्या आहेत. बांध, ओढा, टेकडी, जुनी पाऊलवाट यांपैकी कशाचाही विचार या आखणीत नाही. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकावरून शेत कोठे आहे हे परक्याला कळत नाही. येथील खरेदीखतात मात्र ‘अमुक टाउनशिपच्या अमुक सेक्शनचा ईशान्य चतकोर’ असे लिहिलेले असते आणि तेवढ्यावरून कोणीही नकाशावर त्या शेतावर बोट ठेवू शकतो.

पृथ्वी गोल असल्याने रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात आणि चौकोनांचा हिशेब चुकू लागतो. तो सांधण्यासाठी ठरावीक अंतरावर दुरुस्तीरेषा घालाव्या लागल्या. म्हणून उत्तरेकडे नाकासमोर जाणारा खडीचा रस्ता मध्येच काही मीटर बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. वर्गात पृथ्वीगोल फिरवून जे समजावताना दमछाक होते, ते येथे गाडीच्या एका वळणात कळते. मी तेथे गाडी थांबवून उतरलो आणि बराच वेळ ते वळण पाहत राहिलो.

या आखणीचा समाजजीवनावर झालेला परिणाम फार खोल आहे. आपल्याकडे घरे गावठाणात एकमेकांना लागून असतात आणि शेते भोवताली. येथे प्रत्येक कुटुंब आपल्याच चतकोरावर, शेतवस्ती करून राहिले. त्यामुळे चावडी, पार, पाणवठा अशी सहज भेटण्याची जागा मुळातच नव्हती. माणसांना भेटायचे तर ठरवून, घोडागाडी जोडून जावे लागे. यातूनच दर दोन-तीन मैलांवर एकखोली शाळा निघाली, चौरस्त्यावर चर्च उभे राहिले, रेल्वेने काही मैलांच्या अंतराने स्थानके आणि स्थानकांभोवती गावे बसवली, आणि काउंटीच्या मध्याजवळ न्यायालय (काउंटीची कचेरीही त्याच इमारतीत) बांधले गेले, जेणेकरून कोणत्याही कोपऱ्यातील शेतकऱ्याला दिवसभरात जाऊन काम उरकून परतता यावे. राईट काउंटीचे मुख्यालय क्लॅरियन हे नकाशावर जवळपास काउंटीच्या बरोबर मध्यभागी आहे, त्याचे कारण हेच.

क्लॅरियनमध्ये एका जुन्या शाळेच्या खोलीत फोर-एच चळवळीचे छोटे संग्रहालय आहे. शेतकऱ्यांच्या मुलांनी डोके, हृदय, हात आणि आरोग्य (इंग्रजीत चारही शब्द ‘एच’ने सुरू होतात) या चौघांचा विकास साधावा, म्हणून ही चार पानांची खूण. विसाव्या शतकाच्या आरंभी या काउंटीचे शाळा-अधीक्षक ओ. एच. बेन्सन आणि दक्षिणेकडील पेज काउंटीच्या शिक्षणाधिकारी जेसी फील्ड यांनी खेड्यातील शाळांमध्ये मक्याची निवड, भाकरी भाजणे, शिवण असे विषय आणले, आणि त्यातून मुलांची मंडळे निघाली. शिक्षक म्हणून मला त्या दोघांबद्दल आदर वाटतो, कारण पुस्तकाबाहेरचा अभ्यासक्रम त्यांनी वरून आदेश येण्याची वाट न पाहता उभा केला.

क्लॅरियनच्या आसपास अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या लांबच लांब शेड दिसतात. २०१५ च्या बर्ड फ्लूमध्ये आयोवातील तीन कोटींच्या आसपास कोंबड्या नष्ट झाल्या आणि या काउंटीला त्याचा मोठा फटका बसला. आजही शेडच्या फाटकावर वाहनांची चाके धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

शुक्रवार : कॉसुथ काउंटी

हंगेरीच्या स्वातंत्र्यलढ्यातील नेते लायोश कॉसुथ यांचे नाव धारण करणारी ही काउंटी राज्यात सर्वांत मोठी, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरची, आणि लोकसंख्या पंधरा हजारांहूनही कमी. १९४० च्या सुमारास येथे २६ हजारांवर माणसे होती. येथून पुढे लोकसंख्येचे हे उतरते आकडे प्रत्येक काउंटीत भेटत गेले.

ही भूमी हिमनदीने सपाट केलेली आहे. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी हिमनदीची एक जीभ आजच्या डे मॉइनपर्यंत उतरली आणि वितळताना मागे हजारो उथळ खळगे ठेवून गेली. त्यांत पाणी साचे, पुरुषभर उंच गवत वाढे आणि कुजे. त्या मुळांच्या कुजण्यातून येथील काळी माती घडली. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून आलेली आणि चिकणमातीची, म्हणून ती उन्हाळ्यात भेगाळते. ही माती गवताची, सेंद्रिय पदार्थाने भरलेली, हातात घेतली तर रवाळ आणि भुसभुशीत. मूठभर माती हातात घेऊन एका शेतकऱ्याला मी हा फरक सांगितला, तेव्हा त्याने आपल्या शेताच्या मृदा-गुणांकाचा कागद आणून दाखवला. येथे प्रत्येक शेताच्या मातीला पाच ते शंभर यांदरम्यान गुण दिलेले असतात आणि जमिनीच्या लिलावात बोली लावण्यापूर्वी सारे प्रथम तोच आकडा पाहतात.

एवढी सुपीक माती मुळात पाण्याखाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरून हे पाणी ओढ्यांत सोडले; आता त्या जागी छिद्रांचे प्लास्टिकचे पाइप असतात. एका शेताचे पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच जाणार, म्हणून निचरा-जिल्हे स्थापन झाले, आणि त्यांना कर बसवण्याचा अधिकार मिळाला. जमिनीवरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही, पण मक्याचे हे सारे वैभव त्या पुरलेल्या जाळ्यावर उभे आहे. काउंटीच्या उत्तर भागात युनियन स्लू नावाचे पक्षी-अभयारण्य आहे. मूळची पाणथळ भूमी कशी असेल याची कल्पना तेथे येते. राज्यातील उंच गवताच्या कुरणांपैकी एक दशांश टक्काही धड शिल्लक नसताना तो तुकडा पाहून मन भरून येते.

मुख्यालय अल्गोना येथे दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. मुले सैन्यात गेल्याने ओस पडलेल्या शेतांवर ते कैदी मजुरीला जात. त्यांनी मागे ठेवलेला येशूजन्माचा मोठा देखावा गावाने आजही जपला आहे आणि नाताळात तो लोकांना दाखवला जातो. शत्रुदेशाच्या कैद्यांचे काम इतक्या वर्षांनंतर इतक्या मायेने सांभाळणारे गाव मला पाहायला मिळाले, याचे समाधान वाटते.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. एरवी या खेळात अकरा जणांचा संघ असतो. विद्यार्थी कमी पडू लागल्याने लहान शाळांसाठी आठ जणांचा खेळ आखला गेला आहे. शाळांच्या एकत्रीकरणाचा इतिहास त्यांच्या नावांतच वाचता येतो. पश्चिमेकडे अव्होका, हॅन्कॉक, शेल्बी, टेनंट आणि वॉलनट या पाच गावांची मिळून एक शाळा आहे आणि ती ‘एएचएसटीडब्ल्यू’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. कोणत्याही गावाने आपले अक्षर सोडलेले नाही! एके काळी राज्यात बारा हजारांहून अधिक एकखोली शाळा होत्या. आज शाळा चालवणारे शालेय जिल्हे सव्वातीनशेच्या आसपास उरले आहेत. १९९३ पर्यंत येथे मुलींचा सहा-सहा जणींचा खास बास्केटबॉल खेळला जाई आणि राज्यस्पर्धेसाठी गावेच्या गावे डे मॉइनला लोटत. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी त्या स्पर्धेत खेळल्याचे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज बदलला. मैदानावर त्यांचे कोणीही नातवंड खेळत नव्हते, तरीही त्या प्रत्येक सामन्याला येतात. शाळा बंद झाली की गावात शुक्रवारी संध्याकाळी जायला जागाच उरत नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

शनिवार : स्पेन्सर, क्ले काउंटी

बहुतेक काउंट्यांच्या जत्रा जुलै-ऑगस्टमध्ये होतात. क्ले काउंटीची मात्र सप्टेंबरात भरते. १९१८ पासूनच्या या जत्रेला भोवतालच्या अनेक काउंट्यांतून आणि शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. २०२४ च्या जूनमध्ये लिटल सू नदीच्या पुराने स्पेन्सरचा मोठा भाग बुडवला होता. त्या पुराच्या खुणा काही घरांवर अजून दिसतात.

आम्ही सकाळचा सारा वेळ गोठ्यांत काढला. दहा-बारा वर्षांची मुले-मुली आपले वासरू, मेंढी किंवा डुक्कर धुऊन, विंचरून रिंगणात आणत होती आणि परीक्षक प्रत्येक जनावराचा पाय, पाठ, चाल यांविषयी ध्वनिक्षेपकावर कारणे देऊन निकाल सांगत होते. निकालाबरोबर कारण देण्याची ही पद्धत मला फार आवडली, कारण हरलेल्या मुलालाही त्यातून शिकायला मिळते. प्रत्येक मुलाकडे खाद्याचा, वजनाचा आणि खर्चाचा हिशेब लिहिलेली वही असते. शेजारच्या दालनात मक्याची कणसे, सोयाबीनची झाडे, मुरंबे, गोधड्या आणि पाव मांडलेले. आमच्याकडील कृषी प्रदर्शनात कंपन्यांचे मंडप अधिक आणि शेतकऱ्याने स्वतः पिकवलेले, शिवलेले, रांधलेले कमी दिसते. तो तोल येथे मला अधिक योग्य वाटला.

यंत्रांच्या मैदानावर बारा ओळी एकदम कापणारी कंबाइन उभी होती. आयोवात आज एका एकरात सरासरी दोनशे बुशेलच्या आसपास, म्हणजे पाच टनांच्या घरात, मका होतो. १९३० च्या दशकात तो याच्या पाचव्या भागाइतकाच होता. त्याच काळात राज्यात दोन लाखांहून अधिक शेते होती, आता ती सुमारे ८७ हजार आहेत आणि सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या जवळपास पोहोचले आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र दीड हेक्टरही नाही. आमच्याकडे वाटण्या होऊन शेत तुटते आणि माणसे गावातच राहतात; येथे शेते जोडली जातात आणि माणसे निघून जातात. उत्पादन वाढूनही गाव का ओसरते, हा प्रश्न त्या यंत्रापुढे उभे राहिल्यावर सुटतो : बारा ओळींचे यंत्र चालवायला माणूस एकच लागतो.

रविवार : स्टॉर्म लेक, ब्यूना व्हिस्टा काउंटी

या प्रवासातील हा मुक्काम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिमनदीने घडवलेल्या सुंदर तळ्याकाठचे हे सुमारे अकरा-बारा हजार वस्तीचे गाव भोवतालच्या गावांप्रमाणे आटत नाही, उलट टिकून आहे, आणि ते बाहेरून आलेल्यांमुळे. १९७५ मध्ये राज्यपाल रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातील युद्धातून निसटलेल्या ताई डाम निर्वासितांना आयोवाचे दार उघडले. त्यांतील आणि लाओसमधून पाठोपाठ आलेल्या इतरांपैकी काही कुटुंबे येथे स्थिरावली. येथील डुकराच्या मांसाचा जुना कारखाना १९८१ मध्ये बंद पडला, पुढच्या वर्षी नव्या मालकाने तो कमी मजुरीवर सुरू केला, आणि त्या कष्टाच्या कामासाठी मेक्सिको, मध्य अमेरिका आणि पुढे आफ्रिका व पॅसिफिक बेटांतूनही माणसे येऊ लागली. आज येथील शाळेत मुले अनेक भाषा बोलत येतात.

सकाळी एका कॅथलिक चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थना संपली आणि काही वेळाने स्पॅनिश प्रार्थना सुरू झाली. पहिल्या प्रार्थनेला पांढऱ्या केसांची माणसे होती, दुसरीला कडेवर मुले घेतलेली. मधल्या वेळेत तळघरातील सभागृहात दोन्हीकडच्या स्त्रिया एकाच टेबलावर कॉफी आणि पाव मांडत होत्या. त्यांच्यात फारसे बोलणे होत नव्हते, पण काम बरोबरीने चालले होते. मुख्य रस्त्यावर मेक्सिकन बेकरी आणि लाओशियन किराणा दुकान पाहिले. सारेच गोडीगुलाबीने चालते, असे येथील लोकही म्हणत नाहीत. कागदपत्रांच्या तपासणीची भीती अनेक घरांत आहे आणि कत्तलखान्यातील काम शरीर झिजवणारे आहे. तरीही वर्गात मुले भरलेली असतात, घरे भाड्याने जातात आणि दुकानांचे दिवे लागतात.

आठवड्यातून दोनदा निघणारे ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ (आता ‘स्टॉर्म लेक टाइम्स पायलट’) हे कौटुंबिक वृत्तपत्र येथलेच. २०१५ मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने ब्यूना व्हिस्टा, सॅक आणि कॅलहून या तीन काउंट्यांच्या निचरा-जिल्ह्यांवर खटला भरला. शेतांखालच्या नळ्यांतून खताचे नायट्रेट रॅकून नदीत येते, ते काढण्याचा भुर्दंड शहराला बसतो, असे तिचे म्हणणे होते. काउंट्यांच्या बचावाचा खर्च नेमके कोण भरते आहे, हा प्रश्न संपादक आर्ट कलन यांनी आपल्या अग्रलेखांतून लावून धरला आणि शेतीउद्योगातील बड्या हितसंबंधांचा पैसा उजेडात आणला. न्यायालयाने २०१७ मध्ये खटला फेटाळला. त्याच वर्षी कलन यांना अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याच वाचकांच्या आणि जाहिरातदारांच्या रोषाची पर्वा न करता गावातल्या वृत्तपत्राने गावाला प्रश्न विचारावा, ही गोष्ट मला कोणत्याही उत्पन्नवाढीपेक्षा मोठी वाटते. नायट्रेटचा प्रश्न मात्र तसाच आहे आणि तो सुटेपर्यंत या काळ्या मातीच्या समृद्धीचा हिशेब पुरा झाला, असे म्हणता येणार नाही.

सोमवार : कून रॅपिड्स आणि लोएस टेकड्या

सकाळी कून रॅपिड्स येथे थांबलो. २३ सप्टेंबर १९५९ रोजी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह येथील शेतकरी रॉसवेल गार्स्ट यांच्या शेतावर आले होते. गार्स्ट संकरित मक्याचे बियाणे विकत आणि शीतयुद्धाच्या ऐन काळात ते पूर्व युरोपातही घेऊन गेले होते. उपाशी माणसे धोकादायक असतात, असे ते मानीत. गार्स्ट कुटुंबाच्या जमिनीचा मोठा भाग आता निसर्गसंवर्धनासाठी राखला आहे.

तेथून पश्चिमेकडे जाताना पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. राज्यातील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते आणि चक्कीच्या जागेचे भाडे मिळत असल्याने काही कुटुंबांची शेती टिकली आहे.

मिसूरीच्या जवळ पोहोचल्यावर सपाटी संपते आणि मोनोना व हॅरिसन काउंट्यांत लोएसच्या टेकड्या एकदम समोर येतात. हिमयुगाच्या अखेरीस नदीपात्रात उघडी पडलेली बारीक धूळ वाऱ्याने उचलून येथे रचली. इतक्या जाडीचे लोएसचे थर जगात चीनखेरीज क्वचितच आढळतात. ही माती कोरडी असताना उभ्या कड्याने टिकते आणि भिजली की ढासळते. येथे चौरस आखणीचा पराभव झालेला दिसतो. रस्ते धारेच्या कलाने वळतात, शेते समपातळी रेषांनी पेरलेली आणि मजगीबंदी केलेली. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर मृद्‌संधारण जिल्हे स्थापन झाले आणि आयोवात काउंट्या ९९ असल्या तरी असे जिल्हे मात्र १०० आहेत, कारण पॉटावाटामी काउंटीत दोन आहेत. प्रिपरेशन कॅन्यन येथील माथ्यावरून पश्चिमेला मिसूरीचे खोरे आणि पलीकडे नेब्रास्का दिसतो. ज्या शिक्षकाने लोएस हा शब्द आयुष्यभर केवळ पुस्तकातून शिकवला, त्याने येथे एकदा तरी यावे.

मंगळवार : अडेअर आणि मॅडिसन काउंट्या

अडेअर काउंटीत ओरिएंट गावाजवळ हेन्री वॉलेस यांचे जन्मस्थान असलेले शेत आहे. १९०० साली या काउंटीत सोळा हजारांच्या आसपास लोक होते, आज साडेसात हजार आहेत. १९८० च्या दशकातील शेतीसंकटाच्या आठवणी येथे अजून ताज्या आहेत. १९८१ मध्ये राज्यात जमिनीचा सरासरी भाव एकरी २,१४७ डॉलर होता, तो १९८६ मध्ये ७८७ वर कोसळला. चढ्या भावावर कर्ज काढलेल्यांची शेते लिलावात गेली, त्यांच्यामागून बँका आणि दुकाने बंद झाली. आज तोच भाव अकरा हजारांवर आहे, पण निम्म्याहून अधिक जमीन भाडेपट्ट्याने कसली जाते आणि सुमारे दोन-तृतीयांश जमिनीचे मालक पासष्टीच्या पुढचे आहेत. ती जमीन पुढे कोणाकडे जाणार, हा प्रश्न मला येथील प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू आला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही काळजी वेगळ्या रूपात, पण तितकीच ओळखीची आहे.

मुख्यालय ग्रीनफील्डवरून २१ मे २०२४ रोजी ईएफ-४ तीव्रतेचा (पाचपर्यंतच्या मापात चौथ्या श्रेणीचा) टॉर्नेडो, म्हणजे जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा प्रचंड भोवरा, गेला. काही जणांचे प्राण गेले, घरांच्या ओळी भुईसपाट झाल्या, रुग्णालयाचेही नुकसान झाले. आजूबाजूच्या गावांची स्वयंसेवी अग्निशमन पथके, चर्चमंडळे आणि आपापले ट्रॅक्टर-ट्रेलर घेऊन आलेले शेतकरी यांच्याविषयी येथे सर्वजण कृतज्ञतेने बोलतात. लहान गावांत पगारी अग्निशमन दल परवडत नाही. भोंगा वाजला की दुकानदार, मेकॅनिक, शिक्षक हातातले काम टाकून धावतात. विरळ वस्तीतला समाज कशाने बांधलेला आहे, हे मला या भोंग्याने सर्वांत स्पष्ट सांगितले.

मॅडिसन काउंटीचे विंटरसेट हे चुनखडीच्या न्यायालयाभोवती चौकात वसलेले गाव आहे. कार्व्हर येथे एका हॉटेलात स्वयंपाकी होते आणि येथेच भेटलेल्या एका दांपत्याच्या आग्रहावरून ते इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात दाखल झाले. चौकाजवळ त्यांच्या नावाचे छोटे उद्यान आहे. काउंटीत छप्पर असलेले एकोणीस लाकडी पूल होते, त्यांपैकी सहा उरले आहेत. पुलाची लाकडी जमीन पावसाने कुजू नये, म्हणून छप्पर घालण्याचा निर्णय काउंटीचा कारभार चालवणाऱ्या त्या वेळच्या पर्यवेक्षक मंडळाने घेतला होता.

त्याच मंडळांपुढे आज पुलांचाच प्रश्न आहे. दर मैलाला रस्ता आखल्यामुळे प्रत्येक ओढा अनेक ठिकाणी ओलांडावा लागतो, आणि मोडकळीस आलेल्या पुलांच्या संख्येत आयोवा देशात पहिले आहे. घोडागाडीसाठी बांधलेल्या पुलांवरून आता चाळीस टनांचे धान्याचे ट्रक जातात आणि डागडुजीचा कर भरणारी घरे निम्मी झाली आहेत. शेजारच्या एका काउंटीच्या न्यायालयात सकाळी मंडळाची बैठक होती. तेथे कोणालाही बसता येत असल्याने आम्हीही मागच्या बाकावर बसलो. अभियंत्यांनी नकाशा लावून सांगितले की अमुक सेक्शनच्या कडेचा पूल दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणे स्वस्त आहे, कारण त्या रस्त्यावर आता एकच घर आहे. त्या एका घराचा मालक बैठकीला आला होता. कापणीच्या दिवसांत प्रत्येक खेपेला चार मैलांचा वळसा पडेल, रुग्णवाहिकेलाही तोच वळसा पडेल, असे त्याने शांतपणे सांगितले आणि आपल्या शेतातील माती भरावासाठी देण्याची तयारी दाखवली. पर्यवेक्षकांनी त्याला बरेच प्रश्न विचारले, अभियंत्यांना खर्चाचा नवा अंदाज करायला सांगितले आणि विषय पुढच्या मंगळवारच्या बैठकीवर ठेवला.